सोलापुरात बसून कोड तपासून घ्यायचाय? मग आधी जागा नीट निवडा

मागच्या आठवड्यात मावशीची पोरगी घरी आली. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटरला. बॅग खाली टेकवायच्या आधीच सुरू झाली, "दादा, माझा कोड कुणीतरी बघायला पाहिजे रे, पण दाखवू कुणाला? सर म्हणतात आउटपुट आलं ना, मग झालं." मला हसूच आलं कारण मला आमचे शेठ आठवले. मी इथल्या चादर-टॉवेलवाल्यांना बिलिंगचं सॉफ्टवेअर करून देतो, आम्ही दोघंच आहोत, मी आणि माझा पार्टनर, आणि आमचा कोड तपासणारा तिसरा माणूस म्हणजे शेठ. त्यांचा रिव्ह्यू एका वाक्यात संपतो, "बिल निघालं ना बे, मग अजून काय करालास?"

पुण्याच्या कंपनीत शेजारच्या खुर्चीवर सिनिअर असतो, तो तुमच्या पुल रिक्वेस्टवर, म्हणजे "हा माझा बदल आत घ्या" या विनंतीवर, दहा कमेंटा टाकतो, तुम्ही मनातल्या मनात त्याला शिव्या देता आणि दोन वर्षांत तयार होता. इकडे ती खुर्चीच नसते. आणि कोड कुणी बघावा म्हणून हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला कोण जाणार. मग राहते इंटरनेटवरची अनोळखी मंडळी, आणि ती मंडळी आहेत, फुकट बघतात, मन लावून बघतात, फक्त ती कुठे बसतात आणि कुठल्या जागी काय चालतं हे आधी माहीत पाहिजे. बहिणीला संध्याकाळभर जे सांगितलं तेच इथे लिहून टाकतो.

पहिलं म्हणजे साइट शोधू नका, आधी कोडचं दुखणं काय आहे ते ठरवा. बहुतेक जण इथेच घसरतात. कोड चालतच नाहीये, एरर येतेय, उत्तर चुकीचं येतंय, हे एक दुखणं. कोड चालतोय पण नीट लिहिलाय का, अजून सुटसुटीत होईल का, कुठे तरी फाटेल का, हे दुसरं. भाषा नवीन शिकतोय आणि त्या भाषेच्या लोकांसारखं लिहायला शिकायचंय, हे तिसरं. आणि मोठ्या प्रोजेक्टवर खरं काम करून शिकायचंय हे चौथं. चारही गोष्टींना लोक "माझा कोड चेक करा" एवढंच म्हणतात आणि चारही गोष्टी चुकीच्या दारात नेऊन टाकतात.

चालत नसलेल्या कोडसाठी स्टॅक ओव्हरफ्लो आहे, २००८ पासून आहे, सगळ्यांना माहीत आहे. तिथे एक नेमका प्रश्न विचारायचा, एररचा पूर्ण मजकूर द्यायचा, आणि कोडचा तेवढाच तुकडा द्यायचा ज्याने ती एरर पुन्हा येते. तिथे जाऊन "हा ४०० ओळींचा कोड आहे, कसा वाटतो सांगा" म्हणालात तर प्रश्न बंद होतो, आणि बरोबरच आहे, ती जागाच त्यासाठी नाही. माझं उलट झालं होतं. जिथे फक्त चालणारा कोड चालतो त्या दुसऱ्या साइटवर (तिचं नाव पुढे येतं) मी अर्धवट मोडलेला कोड टाकला, वर लिहिलं "प्लीज चेक अँड इम्प्रूव्ह", आणि थोड्याच वेळात पोस्ट बंद. दोन दिवस मी पार्टनरला सांगत फिरत होतो की हे गोरे लोक आपल्याला उभं करत नाहीत म्हणून. तिसऱ्या दिवशी त्यांचं मदतीचं पान वाचलं, तिथे पहिल्या काही ओळींतच लिहिलेलं होतं. चूक माझीच.

आता चालणाऱ्या कोडसाठी माझ्या मते सगळ्यात चांगली जागा म्हणजे त्याच कुटुंबातली कोड रिव्ह्यू स्टॅक एक्स्चेंज. २०११ ला सुरू झाली. नाव लांबलचक आहे पण काम एकच, तुमचा पूर्ण झालेला, चालणारा कोड लोक ओळीओळीने बघतात. नियम कडक आहेत पण कळले की सोपे आहेत. कोड तुमच्या माहितीप्रमाणे तरी बरोबर चालला पाहिजे. कोड पोस्टमध्येच पेस्ट करायचा, नुसती लिंक चालत नाही. खराखुरा कोड पाहिजे, "समजा असं एक फंक्शन आहे" असला काल्पनिक नको, मधल्या ओळी गाळून तीन टिंबं टाकलेला पण नको. शीर्षकात काय पाहिजे ते लिहायचं नाही, कोड काय करतो ते लिहायचं, म्हणजे "हा कोड सुधारायला मदत करा" असं नाही तर "टॉवेलच्या बिलावर दोन टॅक्स काढून रुपयात गोल करणारा प्रोग्राम" असं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकदा उत्तर आलं की वरचा कोड बदलायचा नाही. आपल्याला वाटतं त्यांनी सांगितलं म्हणून दुरुस्त केलं, पण मग खालचं उत्तर वाचणाऱ्याला कळत नाही की हा माणूस कशाबद्दल बोलतोय, म्हणून ते लोक तुमचा बदल परत फिरवतात. सुधारलेला कोड पुन्हा दाखवायचा असेल तर नवीन प्रश्न टाकायचा आणि जुन्याची लिंक द्यायची.

मघाशी ते "तुमच्या माहितीप्रमाणे तरी" लिहिलं ना, त्यातच सगळी गंमत आहे. आमचा बिलाचा कोड पायथॉनमध्ये होता आणि माझ्या माहितीप्रमाणे तो एकदम टकाटक चालत होता. ५ टक्के जीएसटी, म्हणजे अडीच टक्के केंद्राचा अडीच टक्के राज्याचा, आणि शेठच्या बिलात दोन्ही आकडे रुपयात गोल करायची पद्धत. दिवाणजी मधूनच तक्रार करायचे की एखाद्या बिलात दोन रुपये कमी येतात, सगळ्यात नाही, एखाद्याच. आम्ही म्हणायचो तुमची बेरीज चुकत असेल. मी तो कोड फक्त "फंक्शनं फार लांब झालीत, कशी तोडू" एवढं विचारायला टाकला होता. एका रिव्ह्यूअरने फंक्शनांबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि मग विचारलं, तुम्ही पायथॉनचं राउंड वापरलंय, अर्ध्यावरचा आकडा आला की ते काय करतं माहिती आहे का? मला माहिती नव्हतं. पायथॉन तीनमध्ये राउंडला ३३.५ दिलं तर ३४ देतं, पण ३२.५ दिलं तर ३२ देतं, कारण बरोबर मध्ये असलं की ते जवळच्या सम संख्येकडे जातं. म्हणजे १३४० च्या बिलावर बरोबर आणि १३०० च्या बिलावर केंद्राचा एक रुपया कमी, राज्याचा एक रुपया कमी, झाले दोन. दिवाणजींची बेरीज बरोबर होती. आणि सीजीएसटी कायद्याच्या कलम १७० मध्ये सरळ लिहिलंय की ५० पैसे किंवा त्याहून जास्त असेल तर पुढचा रुपया, कमी असेल तर सोडून द्या. त्या रिव्ह्यूअरला आपला कायदा माहीत नव्हता, त्याने फक्त एवढंच म्हटलं की तुमच्या देशात टॅक्स कसा गोल करतात ते बघा आणि फ्लोट (दशांश आकडे ठेवायची नेहमीची, थोडी अंदाजे पद्धत) सोडून डेसिमल वापरा, त्यात अर्ध्याला वर न्यायचा नियम स्वतः सांगता येतो. फ्लोटमध्ये ०.१ अधिक ०.२ केलं की ०.३ च्या मागे शून्यांची रांग लागते आणि शेवटी एक ४ येऊन बसतो, हे कॉलेजात ऐकलं होतं, पण ते शेठच्या बिलात येऊन बसेल असं वाटलं नव्हतं. दिवाणजींना दुसऱ्या दिवशी चहा पाजला.

म्हणून सांगतो, आपण विचारतो एक आणि खरं दुखणं निघतं दुसरंच, आणि ते निघायला समोरच्याला पूर्ण कोड आणि थोडी पार्श्वभूमी लागते. पोस्टमध्ये तीन-चार ओळीत सांगा की हा कोड कुणासाठी आहे, आत काय जातं, बाहेर काय येतं, एक नमुना द्या इनपुटचा आणि आउटपुटचा, कुठली व्हर्जन वापरताय ते सांगा, आणि तुम्हाला स्वतःला कुठे शंका आहे ते सांगा. इंग्रजी साधंच लिहा, मोडकं असलं तरी चालतं, कुणी व्याकरण तपासत नाही. पण व्हेरिएबलची नावं मात्र बघा. बहिणीचा प्रोजेक्ट तिच्या काकांच्या यंत्रमाग कारखान्यावर आहे, कामगारांची आठवड्याची मजुरी काढायची, पीसच्या हिशोबाने, आणि त्यातून उचल वजा करायची. तिने फंक्शनला नाव दिलेलं "उचल वजा" आणि दुसऱ्याला "जोड मोज". आपल्याला कळतं, जोड म्हणजे चादरींचा जोड, पण पोलंडमधल्या माणसाला काय कळणार? त्याचा अर्धा वेळ शब्द शोधण्यात जातो आणि मग तो पुढच्या पोस्टवर जातो. नावं तरी इंग्रजीत करा, नाहीतर वर एक ओळ टाका की उचल म्हणजे कामगाराने आगाऊ घेतलेले पैसे, दर आठवड्याला थोडे कापायचे.

आणि लांबी. सिस्को कंपनीतल्या एका टीमवर झालेला अभ्यास आहे, त्यातून निघालेलं असं की एका बैठकीत २०० ते ४०० ओळींच्या वर गेलं की माणसाला चुका दिसायच्या कमी होतात, आणि ती बैठक पण तासा-दीड तासाच्या वर नको. ते पगारी लोक होते. फुकट बघणाऱ्याकडून तर मी २०० च्या पुढे अपेक्षाच धरत नाही. दोन हजार ओळी असतील तर त्यातला एक कळीचा भाग काढा जो स्वतंत्र चालतो, तो टाका.

टाकायच्या आधी लिंटर फिरवा, म्हणजे कोडमधल्या बारीकसारीक चुका आपोआप दाखवणारं टूल. पायथॉन असेल तर रफ किंवा फ्लेक एट, जावास्क्रिप्ट असेल तर ईएसलिंट, आणि फॉरमॅटिंगला ब्लॅक किंवा प्रीटिअर. हे न करता टाकलं की पहिली तीन उत्तरं स्पेस कमी आहे, ओळ लांब आहे, हे इम्पोर्ट वापरलेलं नाही, अशीच येतात. ती उत्तरं खोटी नसतात पण ते काम मशीनचं आहे, माणसाचा वेळ त्यात घालवायचा म्हणजे पाणी यायच्या दिवशी अंगण धुण्यात सगळं पाणी संपवायचं आणि मग टाकी रिकामी म्हणून बसायचं. सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको.

आता एक जरा गंभीर. कोड कुणाचा आहे? तुम्ही कंपनीत असाल तर तो कोड कंपनीचा आहे, तुम्ही लिहिला असला तरी, तो बाहेर टाकायचा नाही म्हणजे नाही. फ्रीलान्स असाल तर करारात काय लिहिलंय ते बघा, आणि करारच नसेल, जो आपल्याकडे बहुतेक वेळा नसतोच, तर मालकाला तोंडी तरी विचारा. मी शेठना विचारलं तेव्हा ते म्हणाले "आमच्या गिऱ्हाइकांची नावं दिसली नाही म्हणजे झालं", आणि खरंतर तेच मुख्य आहे. स्टॅक एक्स्चेंजवर टाकलेला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या लायसन्सखाली जातो, म्हणजे श्रेय देऊन कुणीही वापरू शकतो. त्यामुळे परत मागता येणार नाही हे धरूनच टाका.

नमुन्याच्या डेटामध्ये खरे मोबाइल नंबर, जीएसटी नंबर, कामगारांची खरी नावं, आधार, यातलं काही राहू देऊ नका. सगळं बदलून कामगार एक, कामगार दोन करा. पासवर्ड आणि एपीआय की (दुसऱ्या सेवेला जोडायची गुप्त किल्ली) वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि गिट, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर, त्याच्या दुर्लक्ष यादीत (गिटइग्नोर) ती फाइल टाका. आणि चुकून ती एपीआय की गेलीच गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, तर फाइल डिलीट करून उपयोग नाही, गिटच्या जुन्या इतिहासात ती राहते आणि असल्या किल्ल्या शोधत फिरणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) असतात. पहिलं काम म्हणजे जिथून ती किल्ली घेतली तिथे जाऊन ती रद्द करून नवीन घ्यायची. इतिहास साफ करणं नंतर.

भाषा शिकणाऱ्यांसाठी एक्सरसिझम. ही ना नफा चालणारी साइट आहे, कॅट्रिना ओवेन यांनी २०१३ मध्ये सुरू केली, ७० च्या वर भाषा आहेत. तिथे छोटे छोटे व्यायाम सोडवायचे, टेस्ट आधीच लिहिलेल्या असतात, त्या पास झाल्या की मेंटर मागायचा, आणि मग खरा माणूस तुमचा कोड बघून बोलतो, फुकट. याचा फायदा काय तर समोरच्याला प्रश्न समजावून सांगायची गरजच नाही, त्याने तोच व्यायाम शंभर जणांचा बघितलेला असतो, म्हणून तो थेट सांगतो की हे चालतंय पण रस्ट भाषेत आम्ही असं लिहीत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पोरांनी मी म्हणतो इथूनच सुरुवात करावी, लाज वाटत नाही कारण सगळेच शिकाऊ. तोटा एवढाच की तुमचा स्वतःचा प्रोजेक्ट तिथे दाखवता येत नाही आणि लोकप्रिय नसलेल्या भाषेला मेंटर मिळायला थांबावं लागतं.

चौथा रस्ता लांबचा आहे पण सगळ्यात पक्का, दुसऱ्याच्या ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो त्यात, काम करायचं. तिथे रिव्ह्यू मागावा लागत नाही, तो झाल्याशिवाय तुमचा कोड आतच जात नाही. गिटहबवर पुल रिक्वेस्ट टाकायची, गिटलॅबवर त्यालाच मर्ज रिक्वेस्ट म्हणतात. कच्चं असेल तर ड्राफ्ट म्हणून टाकता येतं, म्हणजे समोरच्याला कळतं की अजून काम चालू आहे. मुंबईत बनलेलं, धंद्याचा सगळा हिशोब सांभाळणारं ईआरपीनेक्स्ट आहे, ज्यांना बिलिंग, स्टॉक, जीएसटी यातलं कळतं त्यांना त्याच्या इश्यू (नोंदवलेल्या अडचणी) वाचतानाच ओळखीचं वाटेल, आणि आपल्याकडच्या पोरांना हा फायदा आहे की बाजारातला हिशोब आपण लहानपणापासून बघितलाय. लिब्रेऑफिसमध्ये "इझी हॅक्स" नावाची नवशिक्यांसाठी वेगळी यादी असते. ज्या मीडियाविकीवर मराठी विकिपीडिया चालतो त्याचा कोड पण सगळ्यांना खुला आहे.

लिब्रेऑफिस आणि मीडियाविकी कोड तपासायला गेरिट नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, आणि गेरिट पहिल्यांदा बघितलं की माणूस बावचळतो. तिथे तुमच्या बदलाला मार्क मिळतात, उणे दोन ते अधिक दोन. अधिक एक म्हणजे मला बरं वाटतंय पण अजून कुणीतरी बघा, अधिक दोन म्हणजे जाऊ द्या आत, उणे दोन म्हणजे हे असं जाणार नाही. अधिक दोन द्यायचा हक्क थोड्यांनाच असतो. उणे एक मिळालं म्हणून पोरं नाराज होतात, तर तसं नाही, तिथे उणे एक हा रोजचा नमस्कार आहे, दुरुस्त करून त्याच बदलाची पुढची आवृत्ती टाकायची असते. गेरिट हे नाव गेरिट रिटवेल्ड या डच वास्तुकाराचं आहे, हे मला फार उशिरा कळलं, तोवर मला ते मशीनच्या गिअरचं काहीतरी वाटायचं.

पण कृपा करून रीडमीमध्ये, म्हणजे प्रोजेक्टची ओळख सांगणाऱ्या फाइलमध्ये, एक शब्द बदलून पुल रिक्वेस्ट टाकू नका. हॅक्टोबरफेस्ट म्हणून ओपन सोर्सला हातभार लावायचा ऑक्टोबरातला उपक्रम असतो, २०२० मध्ये त्यात टी-शर्ट मिळतो म्हणून लोकांनी असल्या फालतू रिक्वेस्टचा असा पाऊस पाडला की प्रोजेक्ट चालवणारे वैतागले आणि आयोजकांना मध्येच नियम बदलून जो प्रोजेक्ट स्वतःहून हो म्हणेल तोच धरायचा असं करावं लागलं. त्यात आपल्या देशाचं नाव बरंच खराब झालं. आधी इश्यूवर लिहा की मी हे घेऊ का, काँट्रिब्यूटिंगची (हातभार कसा लावायचा ते सांगणारी) फाइल वाचा, मग हात लावा.

रेडिटवर कोड रिव्ह्यूचं वेगळं पान आहे, डिस्कॉर्डवर पायथॉनचा मोठा सर्व्हर आहे, फ्रीकोडकँपची चर्चेची जागा आहे. या ठिकाणी उत्तर लवकर येतं, गप्पा होतात, पण खोलात जाऊन कमी बघतात, आणि डिस्कॉर्डवर तर तासाभरात तुमची पोस्ट वर सरकून गेलेली असते. छोटी शंका असेल तर ठीक. व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल मी बोलणार नाही. तिथे कोडचा स्क्रीनशॉट टाकतात, तो पण मोबाइलने तिरका काढलेला.

एआयला विचारू का, हे बहिणीने विचारलंच. विचार की, लिंटरच्या पुढची पायरी म्हणून विचार, नामकरण, राहिलेल्या टेस्ट, सरळ दिसणारे घोळ तो काढतो. पण तो तुमच्या कौतुकात लवकर पडतो, आणि कधी कधी नसलेली चूक छातीठोक सांगतो, ते ओळखायला आधी तुम्हाला यावं लागतं. आणि तो जे म्हणाला ते कॉपी करून दुसऱ्याच्या पोस्टखाली रिव्ह्यू म्हणून चिकटवू नका, स्टॅक ओव्हरफ्लोने तर डिसेंबर २०२२ मध्येच असल्या उत्तरांवर बंदी घातली.

आता यातली कुठलीही जागा तुमच्यासाठी बरी आहे का हे ओळखायची माझी पद्धत सांगतो. खातं उघडायच्या आधी अर्धा तास नुसतं वाचायचं. तुमच्या भाषेतल्या शेवटच्या दहा-पंधरा पोस्ट उघडा. किती जणांना उत्तर मिळालंय? किती वेळाने? उत्तरात "हे चुकीचं आहे" एवढंच आहे की का चुकीचं आणि मग काय करायचं हे पण आहे? नवशिक्याने बावळट प्रश्न विचारलाय तिथे लोक कसे बोललेत, हे मी सगळ्यात आधी बघतो, कारण उद्या तिथे आपण असणार. बंद झालेल्या पोस्ट पण वाचा, त्यातून नियम जेवढे कळतात तेवढे नियमांच्या पानावरून कळत नाहीत. आणि एक, वर्षापूर्वीचं उत्तर आज शोधून सापडतंय का? नाही सापडलं तर ती गप्पा मारायची जागा, रिव्ह्यूची नाही.

मग लगेच आपला कोड टाकायचा नाही, आधी दुसऱ्या कुणाचा तरी बघायचा. मला काय येतं असं म्हणू नका. दोन गोष्टी नक्की येतात, एक म्हणजे कोड चालवून बघणं आणि दुसरं म्हणजे "मला हे नाव वाचून कळलं नाही" असं प्रामाणिकपणे सांगणं. अजून एक युक्ती, रिकामं इनपुट देऊन बघा, शून्य देऊन बघा, उणे आकडा देऊन बघा, निम्म्या लोकांचा कोड तिथेच आडवा होतो.

वेळेचं पण बघा. सकाळी टाकलं तर अमेरिकेत रात्र झालेली असते आणि युरोप उठायचा असतो. मी संध्याकाळी सात ते नऊच्या मध्ये टाकतो, तेव्हा युरोपात दुपार आणि अमेरिकेत सकाळ असते, आणि टाकून जेवायला जात नाही, तासभर तिथेच थांबतो कारण पहिल्या तासात लोक खाली छोटे प्रश्न विचारतात, त्याला लगेच उत्तर दिलं की पुढचा माणूस मनावर घेतो. उत्तर आलं की वाद घालू नका, पण सगळं मान्य पण करू नका. मला एकाने बिलाच्या कोडसाठी वेगळी मोठी रचना सुचवली होती, सात-आठ क्लास आणि काय काय, दोन माणसांच्या दुकानाला ती नको होती, मी आभार मानले आणि ती घेतली नाही. कुणाला राग आला नाही.

हे सगळं करून जमलं तर शहरातच तीन-चार जण शोधा. गिटहबवर २०२० पासून खाजगी रिपॉझिटरीत (कोड ठेवायच्या फोल्डरात) कितीही माणसं फुकट घेता येतात, त्यामुळे ज्यांचा कोड बाहेर दाखवता येत नाही, आणि मालकाची हरकत नाही, त्यांच्यासाठी हे बरं पडतं. आम्ही चौघं आहोत, एकाचं कॉलेजात शिकवणं, एक हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर बघतो, आम्ही दोघं बिलिंगवाले. नियम एकच, शनिवारी रात्रीपर्यंत प्रत्येकाने एक पुल रिक्वेस्ट टाकायची, २०० ओळींच्या आत, आणि रविवारी सकाळी पार्क चौकात चहाला यायच्या आधी दुसऱ्याची बघून यायची. न बघता आलेल्याने चहाचं बिल द्यायचं. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत बंद पडतं, मेच्या उन्हात सकाळी सातला भेटतो, बाकी चालू आहे.

बहिणीने परवा तिचा मजुरीचा कोड टाकला. १४० ओळी, नावं इंग्रजीत, वर उचल म्हणजे काय ते तीन ओळीत, खाली पाच कामगारांचा बनवलेला डेटा. मला म्हणाली, "दादा, कुणी नाही बघणार." रात्री साडेअकराला तिचा फोन. कुणीतरी विचारलं होतं की तुमच्या नमुन्यात पाचही कामगारांची उचल शून्य का आहे, एकाला ५०० टाकून चालवून बघता का? तिने चालवलं. ५०० टाकले आणि १००० कापले गेले, एकदा मजुरी काढताना आणि एकदा पावती छापताना. "आता काकांना काय सांगू?" म्हणाली. काकांनी तो प्रोग्राम दोन आठवड्यांपासून वापरायला घेतलेला होता.